लेंडी नाल्यातला डावा पाय

मी, बंडूजी तुकारामजी चाफले, वय वर्षे सहासष्ट, धंदा किराणा व लोखंडी सामान, राहणार समुद्रपूर, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, दुकानाच्या गल्ल्यावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत आहे की घरचे लोक तिला कंटाळले आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कोणी मला दारू पाजलेली नाही. चहा पाजला आहे, तोही बिनसाखरेचा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि हे एक नीट जमले तर पुन्हा करणार नाही.

कारण असे की येत्या गुरुवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. माझी पत्नी सुलोचनाबाई मागे उभी राहून हे वाचत आहे आणि म्हणते, "हर्नियाच्या आपरेशनले कोणी मृत्युपत्र लिहिते काजी? लोकं हसतीन ना!" हसोत. डॉक्टरांनी सांगितले आहे की यापुढे मोटारसायकलला किक मारायची नाही. माझ्या मते माणूस तिथेच अर्धा संपला. राहिलेल्या अर्ध्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे.

कलम १. राहते घर सुलोचनाबाईचे. ती असेपर्यंत त्यात कोणी भिंत पाडणार नाही, टाइल्स लावणार नाही आणि "आई, तू आता मागच्या खोलीत झोप" असे म्हणणार नाही. पोस्टात व बँकेत जे काही आहे तेही तिचेच. किती आहे ते इथे लिहीत नाही, कारण हा कागद भूपेंद्र वाचणार आहे. मागच्या अंगणात राजदूत मोटारसायकलचे पुढचे मडगार्ड उलटे ठेवलेले आहे आणि त्यात तिने पुदिना लावला आहे. ते मडगार्ड पुदिन्यासकट तिचे. ते गाडीला परत बसवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. का, ते कलम ४ मध्ये येईल.

कलम २. दुकान माझा मुलगा भूपेंद्र याचे. तो आताही चालवतोच. मुलगा गुणी आहे, हिशोबाला पक्का आहे, निर्व्यसनी आहे. फक्त त्याला चिखल आवडत नाही. पाण्याचे डबके दिसले की तो गाडीवरून उतरतो आणि गाडीला हाताशी धरून नेतो, जशी नवी सून देवळात नेतात. हा माझा मुलगा कसा, हे मी सुलोचनाबाईला एकदा विचारले होते. दोन दिवस जेवण मिळाले नाही.

२००३ साली मी लग्नाला हिंगणघाटला गेलो असता या भूपेंद्रने भंगारवाल्याला घरी बोलावले. मी परत आलो तेव्हा माझी राजदूत काट्यावर चढवलेली होती. मी म्हणालो, "अरे, बापालेही चढव ना मंग!" तो म्हणाला, "बाबा, पेट्रोल पिते ते, धूर सोडते, जागा अडवते." मी म्हणालो, "तुझा आजाही तेच करत होता, त्याले विकलं काय आम्ही?" मी त्याला माफ केले आहे, असे येथे नमूद करतो. पण नमूद करायला चार वर्षे लागली, तेही नमूद करतो.

कलम ३. माझे सर्व पाने, स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, टायर काढायच्या पट्ट्या आणि चाकातली माती खरवडायचे खुरपे हे प्रेमदास मिस्त्री यांना द्यावे. यातले अर्धे सामान मुळात त्यांचेच आहे. कोणते अर्धे, हे आम्हा दोघांनाही आता आठवत नाही.

प्रेमदास यांचे माझ्या घराण्यावर उपकार आहेत. १९९१ च्या पोळ्याला माझ्या आईने, तेव्हा ती ऐंशीची होती, राजदूतला नैवेद्य दाखवला. बाजूच्या डब्याचे झाकण उघडे दिसले, तिला वाटले हेच गाडीचे तोंड. तिने अख्खी पुरणपोळी, वर तुपाची धार, एअर फिल्टरच्या डब्यात सारून दिली. सकाळी गाडी काही चालू होईना. प्रेमदास यांनी प्लग काढला, कार्बोरेटर काढले, देवाचे नाव घेतले. तीन तासांनी पोळी सापडली. आई म्हणाली, "काऊन काढली रे? खाऊन राह्यली होती ना ते!" प्रेमदास यांनी ती पोळी आईच्या समाधानासाठी परत डब्यात ठेवल्यासारखे केले आणि स्वतः खाल्ली. अशी माणसे आता होत नाहीत.

कलम ४. आता घराण्याची चाल. हे कलम लांबेल, त्याला इलाज नाही.

आमच्या घरी बैल नाहीत. आजोबांनी शेती सोडून दुकान टाकले तेव्हा शेवटची जोडी विकली आणि एका बैलाच्या गळ्यातली पितळी घुंगरमाळ तेवढी ठेवून घेतली. दर पोळ्याला गावाचे बैल सजून, शिंगे रंगवून तोरणाखाली जायचे आणि आम्ही व्यापाऱ्याची पोरे पायरीवर बसून पाहायचो. माझे वडील तुकारामजी यांना ते फार लागायचे. १९७४ साली त्यांनी ही राजदूत घेतली. त्या पोळ्याला त्यांनी तिला धुतले, हँडलला बेगड चिकटवली, घुंगरमाळ बांधली आणि बैलांच्या रांगेत नेऊन उभी केली. वर किक मारली. सतरा जोड्या उधळल्या. पाटलांनी वडिलांना सगळ्या गावासमोर हाकलून लावले.

वडील अपमान गिळणाऱ्यांतले नव्हते. ते तसेच गाडी घेऊन पांदणीत घुसले. पांदण म्हणजे शेताशेतांतून जाणारी बैलगाडीची वाट. श्रावण सरताना तिथे काळ्या मातीचा असा राडा असतो की माणसाची चप्पल आत जाते आणि दिवाळीला वर येते. पण पोळ्याला कोणी बैल जुंपत नाही, म्हणून ती वाट त्या एका दिवशी मोकळी असते. शंभर पावलांवर पुढच्या मडगार्डात माती गच्च बसून चाक अडकले. वडिलांनी मडगार्डच काढून टाकले आणि गिरडच्या टेकडीवर जाऊन थांबले. डांबरी रस्त्याने अर्ध्या तासाचे अंतर, त्यांना चार तास लागले. परत आले तेव्हा फक्त दात पांढरे दिसत होते. म्हणाले, "बैलाईचा पोळा गावात, आपला पोळा पांदणीत." तेव्हापासून दर पोळ्याला चाफल्यांच्या गाड्या पांदणीने गिरडला जातात.

आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते, तशी आमच्या गाड्यांची होते. जिथे जू बसते तिथे बैलाला हळद आणि तूप चोळतात. मोटारसायकलचा खांदा कोणता यावर आमच्या घरी दोन वर्षे वाद चालला. शेवटी आईने निकाल दिला की हँडलच्या खाली, जिथून पुढचे पाय निघतात, तो खांदा. तिथे तूप चोळून, सगळे जसे बैलाच्या कानात म्हणतात, तसे आम्ही हेडलाइटला म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

नियम तीन आहेत. डांबराला चाक लावायचे नाही. वाटेत कोणाची गाडी फसली तर सगळ्यांनी थांबायचे. आणि लेंडी नाला ओलांडताना पाय खाली टेकवायचा नाही. पाय टेकला की त्याला आम्ही "टेक" म्हणतो. जो बिनटेक पार जाईल तो मानाचा. पुढच्या वर्षापर्यंत घुंगरमाळ त्याच्या गाडीला आणि पहिली गाडी त्याची. दोघे बिनटेक गेले तर मागे फिरून पुन्हा. गावात मानाच्या बैलावरून डोकी फुटतात हे आपण ऐकतोच. आमच्याकडे बैल नव्हते म्हणून आमची डोकी फुटणार नाहीत असे वडिलांना वाटले होते.

कलम ५. राजदूत मोटारसायकल, कागदपत्रांसह, माझी नात कुमारी मयुरी भूपेंद्र चाफले, वय वीस, हिची.

भूपेंद्रला हे वाचून धक्का बसेल. त्याला वाटते मयुरी रोज एसटीने वर्ध्याला कॉलेजात जाते. जाते, पण रोज नाही. यंदा जुलै महिन्यात प्रेमदास माझ्याकडे आले आणि म्हणाले, "शेठजी, तुमची गाडी आपोआप चालून राह्यली आहे. मी दुरुस्त करतो तेव्हा कोरडी असते, दुसऱ्या दिवशी चाकात लेंडीची माती." मी पाळत ठेवली. मंगळवारी सकाळी मी लेंडीच्या काठावर बाभळीमागे उभा होतो. पोरीने ओढणी कमरेला बांधली, चपला काढून पिशवीत टाकल्या, पहिला गियर टाकला आणि नाल्याच्या मधल्या निसरड्या दगडावरून अशी निघाली की पाणी दोन्ही बाजूंनी उडाले, पाय दोन्ही वर. बिनटेक. मग वळली आणि पुन्हा आली. पुन्हा बिनटेक! बाभळीचा काटा माझ्या खांद्यात घुसला होता, पण मी हूं की चूं केले नाही. डोळ्यांत पाणी आले ते काट्याने आले नाही.

आजवर पांदणीत घरची बाई गेली नाही, असे कोणी म्हणेल. नियम तीनच आहेत आणि ते मी वर लिहिले आहेत. चौथा कोणी दाखवावा. उद्या पोळा आहे. मला बंदी आहे, म्हणून उद्या राजदूत मयुरी नेईल. मी भूपेंद्रच्या गाडीवर मागे बसून डांबरी रस्त्याने टेकडीवर जाऊन थांबेन आणि जाताना मान खाली घालून बसेन.

कलम ५ (अ). सुलोचनाबाईच्या आग्रहावरून: ती म्हणते की नातीला गाडी दिली तर सोबत हेल्मेटही द्या. देतो.

कलम ६. आता मूळ मुद्दा. खरे तर हर्निया हे निमित्त आहे.

माझा धाकटा भाऊ अण्णाजी मागच्या गल्लीत राहतो. आमच्या दोन घरांत एक बोळ आहे आणि बारा वर्षे झाली, आम्ही बोललेलो नाही. त्याची बायको मंदाबाई आणि सुलोचनाबाई बोळात उभ्या राहून रोज बोलतात, पण ते धरायचे नाही. अण्णाजी पोळ्याला पांदणीत येत नाही. तो आपली येझदी मोटारसायकल घेऊन दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, एकटाच जातो. ज्या दिवशी लहान लेकरे लाकडी बैल मिरवतात त्या दिवशी साठीचा माणूस गाडी घेऊन एकटा चिखलात जातो. मी यावरून त्याची गावभर चेष्टा केली. दरवर्षी केली. आणि दरवर्षी त्याची गाडी परत आल्याचा आवाज येईपर्यंत मी दुकान बंद केले नाही, हे कोणाला माहीत नाही.

घडले ते असे. १९९४ च्या हिवाळ्यात वडील गेले. जाण्याआधी ते म्हणाले होते की पुढच्या पोळ्याला जो बिनटेक जाईल त्याच्याकडे घुंगरमाळ कायमची राहील, दरवर्षीची कटकट नको. त्यांच्या मनात अण्णाजी होता. गाडी चालवावी तर अण्णाजीने, हे ते माझ्यासमोर चारचौघांत म्हणत. ते खरे होते. मी थोरला, दुकान मी सांभाळले, त्यांचे पथ्यपाणी मी केले, आणि कौतुक गाडीवाल्याचे. मला राग होता. तो मी इथे स्पष्ट लिहितो, कारण मेल्यावर राग घेऊन जाऊन करायचे काय?

१९९५ चा पोळा. नाल्याला वीतभर पाणी. मी राजदूतवर पुढे, अण्णाजी येझदीवर मागे. मधल्या दगडावर माझे मागचे चाक सरकले. मी पार गेलो आणि काठावर गाडी थांबवली. मागून अण्णाजी ओरडत आला, "दादा, टेकला! डावा पाय टेकला तुमचा!"

मी म्हणालो, "तुझे डोळे फुटले काय? बिनटेक आलो मी."

"मी पाह्यलं ना! पाण्यात गेलता पाय. मी आलो बिनटेक."

तेव्हा मी, वडिलांना जाऊन वर्ष झाले नव्हते, म्हणालो, "बापाची शपथ, माझा पाय टेकला नाई. आता तू घे शपथ!"

अण्णाजीने येझदीचे हँडल धरले. मग म्हणाला, "बापाची शपथ अशी नाल्यावर घेत नसतात, दादा." गाडी वळवली आणि निघून गेला. टेकडीवर मी एकटा गेलो. नारळ मीच फोडला, मीच खाल्ला.

त्याचे ते वाक्य बारा वर्षे माझ्या छातीत बसले आहे. तो शपथेच्या वाटेला गेला नाही, इतका तो मोठा. आणि मी घेतली.

म्हणून मी, बंडूजी तुकारामजी चाफले, पूर्ण शुद्धीत जाहीर करतो की १९९५ च्या पोळ्याला लेंडी नाल्यात माझा डावा पाय टेकला होता. नुसता टेकला नाही, चांगला घोट्याच्या वर गेला होता आणि दगडाला रेटा देऊन मी गाडी सावरली होती. मी खोटे बोललो. मेलेल्या बापाच्या नावाने खोटे बोललो.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवला आणि सुलोचनाबाईकडे पाहिले. मला वाटले ती हबकेल. ती म्हणाली, "मले माहीत होतं."

"कसं माहीत होतं?"

"लग्नाले चव्वेचाळीस वर्षं झाली. तुम्ही कधी सोताचा मोजा धुतला? त्या दिवशी घरी आले आणि गुपचूप नळावर मोजा धुतला. एकच. डावा. दोरीवर एक मोजा वाळत होता, मी काय आंधळी हावो?"

बारा वर्षे या बाईने तोंडातून शब्द काढला नाही. मी विचारले का. म्हणाली, "तुम्ही सांगसान म्हणून वाट पाहून राह्यली होती." यापुढची ओळ तिरकी गेली आहे, ती खाडाखोड समजू नये.

आता घुंगरमाळ. ती बारा वर्षे ट्रंकेत आहे. मी ती एकदाही गाडीला बांधली नाही. बांधायला गेलो की वाजायची. ती मी अण्णाजीला देऊ इच्छितो, पण वकील ओमप्रकाशजी यांचे म्हणणे पडले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, पुढे भानगड होते. आणि साक्षीदार तर मला अण्णाजीच हवा आहे. कारण तो एसटीच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा वाचतो. वाचल्याशिवाय तो सही करणार नाही आणि दुसऱ्या कोणत्याही रीतीने मी लिहिलेले काही तो वाचणार नाही. तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही.

त्यावर मी तोड काढली आहे, ती कायद्यात बसते. माणसाला आपल्या मालकीची वस्तूच मृत्युपत्राने देता येते. ही घुंगरमाळ माझ्या मालकीची कधीच नव्हती. म्हणून मी ती कोणाला देत नाही. ज्याची आहे त्याला परत करतो. ट्रंकेची किल्ली या कागदासोबत पाकिटात आहे. दुसरे साक्षीदार प्रेमदास, म्हणून कलम ३ मधले सामानही दिलेले नसून परत केलेले समजावे.

कलम ७. माझी अंत्ययात्रा डांबरी रस्त्याने न्यावी. पांदणीने नेऊ नये. खांदा देणाऱ्यांचा पाय टेकतोच, आणि मला वरून ते पाहवणार नाही.

कलम ८. ऑपरेशन बरे झाले आणि मी वाचलो, तर कलम १, २, ३ आणि ७ थांबतील. कलम ५ आणि ६ थांबणार नाहीत. ते आजच, या क्षणी लागू.

शेवटी, हे कोणत्या कलमात बसते ते मला माहीत नाही. आज खांदशेकणी आहे. राजदूतला हळद-तूप चोळून झाले आहे. वाटीत तूप उरले आहे. येझदीच्या खांद्याला पुरेल एवढे आहे. अण्णाजी, आपल्या घरात हे आजवर गाड्यांनाच म्हटले आहे, तुला म्हणतो. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

येथे दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही करतो. त्यांनीही माझ्या डोळ्यांदेखत करावी.

मुक्काम समुद्रपूर
सोमवार, दिनांक १० सप्टेंबर २००७

सही: बंडूजी तुकारामजी चाफले

साक्षीदार क्रमांक १: प्रेमदास मिस्त्री. शेठजींनी माझ्यासमोर सही केली. माझा बारा नंबरचा पाना त्यांच्याकडे आहे, आता आठवलं.

साक्षीदार क्रमांक २: अण्णाजी तुकारामजी चाफले. मी सगळं वाचलं, दोनदा. दादानं माझ्यासमोर सही केली, हे खरं. बुद्धी शाबूत आहे की नाई ते मी कसं सांगू, बारा वर्षं बोललो नाई. पण कलम ६ मध्ये चूक आहे, ती दुरुस्त केल्याशिवाय मी सही करत नाई. मी मोठा-बिठा काही नाई. दादा पुढं निघून गेले, मागं वळून पाह्यलं नाई. त्याच दगडावर माझाबी टेकला होता. उजवा. म्हणूनच शपथ घेतली नाई. तवा घुंगरमाळ दादाची नाई, माझीबी नाई. बिनटेक गेली ते मयुरी. तिच्या गाडीले बांधा. मंदाले यातलं काही सांगू नका, तिच्यासमोर बारा वर्षं लई ऐटीत राह्यलो आहो.

तूप ठेवजा. येझदी घेऊन येतो. आवतन घेतलं.

सही: अ. तु. चाफले